बारा जणांचा एक पोशाख

रविवारी सकाळी चर्चला जाताना पर्ल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नदीकडून वारा आला आणि त्याने माझी हॅट उडवली. यात सांगण्यासारखं काही नाही. न्यूयॉर्कात थंडीच्या दिवसांत वारा रोज कुणाची ना कुणाची हॅट उडवतो आणि तो माणूस तिच्यामागे धावताना बघून बाकीच्यांना थोडी ऊब मिळते. माझी हॅट लांब गेलीच नाही. हातभर अंतरावर बर्फात उताणी पडली, पाळण्यासारखी जरा डुलली आणि थांबली. शहाण्या माणसाने वाकून ती उचलली असती. मी तिच्यात पाय घातले. आधी उजवा, मग डावा. टाचा जुळवल्या. हातातली काठी खांद्याला कधी लागली तेही कळलं नाही. जावयाने नाताळात दिलेल्या, बीव्हर प्राण्याच्या केसांच्या हॅटचा तळ माझ्या बुटांखाली कचकन आवाज करून बसला, आणि मी भर रस्त्यात, घंटा वाजत असताना, तिच्यात ताठ उभा राहिलो. समोरून कोळशाची गाडी येत होती. गाडीवाल्याने लगाम ओढला आणि म्हणाला, काय म्हातारबा, होडी सुटायची वाट बघताय होय? माझी नात हिटी सोळा वर्षांची आहे आणि त्या वयाला जगातली सगळी माणसं आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. तिने माझ्या कोपराला धरलं आणि हळूच म्हणाली, "आजोबा, हॅटमधून उतरा ना." मला उतरायचं होतं. पण पाय ऐकेनात. पायांत आधी कळ आली, मग पोटऱ्यांतून ती वर चढली, आणि तिच्याबरोबर ओल्या लोकरीचा वास आला, जळक्या पिठाचा वास आला, आणि शहर धुरकट होत होत मागे सरकलं.

आमच्या गल्लीत मला इनोस व्हिटलो म्हणून फार थोडे ओळखतात. धूर कापणारा म्हातारा म्हणून सगळे ओळखतात. ही माझीच करणी. कोपऱ्यावरच्या गुत्त्यात शेकोटीपाशी बसून मी वर्षानुवर्षं सांगत आलोय की, इंग्रजांविरुद्धच्या क्रांतीच्या त्या हिवाळ्यात मॉरिसटाऊनच्या डोंगरात इतकी थंडी होती की आमच्या धुराड्यातून निघालेला धूर वरच्या वर गोठायचा. सकाळी दोघांनी छपरावर चढायचं, करवतीने धूर कापायचा आणि ओंडक्यांसारखा रचून ठेवायचा. एप्रिलात तो वितळला तेव्हा तीन दिवस सगळी छावणी खोकत होती. माणसं हसतात, एक प्याला पुढे सरकवतात, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला घेऊन येतात, धुराचं सांगा म्हणून. आमच्या कंपनीची गाय इतकी वाळलेली होती की तिच्या पोटात मेणबत्ती ठेवून आम्ही तिचा कंदील करायचो, हेही मी सांगतो. तेही चालतं. एकदाच, फार वर्षांपूर्वी, मी त्यांना बारा जणांच्या पोशाखाची हकिगत सांगायला घेतली. अर्ध्यावर आलो तोच गुत्तेवाला म्हणाला, इनोसकाका, धुरापर्यंत ठीक होतं, पण आता तुम्ही आम्हाला अगदीच खुळे समजायला लागलात. तेव्हापासून मी धूरच कापतो. खोटं कितीही मोठं असलं तरी माणसं त्याला बसायला जागा देतात. खऱ्याला मात्र उभं करून उलटतपासणी घेतात.

तर खरं असं. आमची पलटण कनेक्टिकटची. मी वेदर्सफिल्डचा, म्हणजे कांद्याच्या गावचा. आमच्याकडे मूल रांगायला लागलं की पहिल्यांदा हाताला लागतो तो कांदा, आणि पोरी लग्नापर्यंत कांद्याच्या माळा गुंफून आपल्या रेशमी कपड्यांचे पैसे जमवतात. त्या डोंगरावर पोचलो तेव्हा डिसेंबर होता, गुडघाभर बर्फ होता, आणि आधी राहायला जागा बांधायची होती. ओंडके तोडून आम्ही बारा जणांनी एक खोपी उभी केली आणि त्या रात्री पहिल्यांदा डोक्यावर छप्पर घेऊन झोपलो. सकाळी एक अधिकारी दोरी घेऊन आला आणि खोपी ओळीच्या बाहेर आहे म्हणाला. वीतभर. सेनापतींचा हुकूम असा की सगळ्या खोप्या एका मापाच्या, एका रेषेत; जी चुकेल ती पाडून पुन्हा बांधायची. आम्ही पाडली. आमच्यातला सगळ्यात वयस्कर आसाहेल फ्रेन, नदीवरचा जुना नावाडी, पाडताना एकसारखा बडबडत होता की इंग्रजांना ओळ चुकलेली चालत नाही का, सरळ ओळ बघून ते परत जातील का. पण दुसऱ्यांदा त्यानेच दार केलं, आणि असं केलं की चौकटीत बसवल्यावर सुरीचं पातं आत जाईना. चामड्याच्या बिजागऱ्या लावल्या. मला आजही वाटतं, सबंध छावणीत वाऱ्याला नाही म्हणणारी तेवढी एकच वस्तू होती.

कपड्यांचं मात्र निराळं होतं. जानेवारी लागेपर्यंत आमच्या अंगावरचं सगळं अंगावरच संपलं. चिंध्या होत्या, चार विरलेली कांबळी होती, गवत होतं. माणूस बाहेर जाऊ शकेल असं जे जे काही बारा जणांकडे उरलं ते एकत्र केलं तेव्हा एक पोशाख झाला: आसाहेलचा तपकिरी कोट, जेबेझ रडची विजार, दोन सदरे एकावर एक, कुणाचे तरी मोजे, माझी हॅट. बूट नव्हतेच. पायांना कांबळ्याच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि पहाऱ्यावर उभं राहताना हॅट खाली ठेवून तिच्यात उभं राहायचं, म्हणजे बर्फ थेट तळव्याला लागत नाही. डोकं उघडं राहायचं, पण जेबेझ म्हणायचा की तुम्हा कांदेवाल्यांच्या डोक्यात गोठण्यासारखं आहे काय. त्या पोशाखाला आम्ही गव्हर्नरसाहेब म्हणायचो. ज्याची पाळी असेल त्याने साहेबांना अंगावर घ्यायचं. बाकीच्या अकरांनी गवतात, एकमेकांना चिकटून, जसं आईने जन्माला घातलं तसं बसायचं. साहेबांचे नियम कडक होते आणि ते मोडलेले मी कधी पाहिले नाहीत. साहेब अंगावर असताना खाली बसायचं नाही. कुठे टेकायचं नाही. बाहीला नाक पुसायचं नाही. आगीच्या दोन हातांच्या आत जायचं नाही. आणि परत आल्यावर उंबऱ्यातच साहेबांना उतरवून पुढच्याच्या हातात द्यायचं, अंगाची ऊब त्यात आहे तोवर. ती ऊब हाही पोशाखाचा भाग धरलेला होता. कुणी सदरा देताना उशीर लावला तर आसाहेल म्हणायचा, घाई कर, साहेब निवताहेत.

शेजारच्या खोपीचंही असंच होतं, म्हणून सार्जंट पहारा आलटून पालटून लावायचा. एकदा आमचा माणूस, मग त्यांचा. त्यांचा माणूस त्यांच्या पोशाखात यायचा, आमचा परतायचा, सगळं सुरळीत चालायचं. कायद्याने पहारेकरी बदली समोर येईपर्यंत जागा सोडू शकत नाही. आणि दोन पोशाख असताना बदली यायची. पण त्या मोठ्या वादळाच्या दिवशी, वारा उलट्या दिशेने फिरून धूर आत ढकलत होता तेव्हा, शेजाऱ्यांच्या एका शहाण्याने विजार वाळवायला आगीवर धरली आणि तिचा मागचा भाग राख करून घेतला. मी त्या वेळी खाली ओढ्याजवळच्या कोठारावर उभा होतो. माझ्यानंतर त्यांची पाळी होती. ती पुन्हा आमच्यावर आली, जेबेझवर. आणि जेबेझने घालायचे कपडे माझ्या अंगावर होते. मी गेल्याशिवाय तो येऊ शकत नव्हता, तो आल्याशिवाय मी जाऊ शकत नव्हतो. सार्जंट कंबरभर बर्फातून कसाबसा खाली आला, हे सगळं मला ओरडून सांगितलं, काहीतरी होईल म्हणाला, हलू नकोस म्हणाला, आणि दहा पावलांवर वादळाने त्याला पुसून टाकलं.

हिटी अजून माझं कोपर धरून होती. थंडी वाजतेय का, तिने विचारलं, आणि मी तिला काय सांगू? त्या दुपारी मी ज्याच्यावर पहारा देत होतो ते मांसाचं कोठार होतं आणि त्यात मांस नव्हतं. उंदीरसुद्धा आठवड्यापूर्वी सोडून गेले होते. हे मला माहीत होतं, सार्जंटला माहीत होतं, डोंगरावरच्या हर एक माणसाला माहीत होतं. तरी पहारा होता, कारण पहारा काढला असता तर ते शत्रूच्या हेरांना कळलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आम्हाला कळलं असतं. कुलूप आणि पहारेकरी दिसतोय तोवर माणूस मनातल्या मनात म्हणू शकतो की आत एखादं पिंप असेल. आमचं जेवण म्हणजे पीठ पाण्यात कालवून दगडावर थापलेला रोट, बाहेरून कोळसा, आतून चिकट. आणि तोही नसायचा तेव्हा बर्चच्या झाडाची साल. भूक फार झाली की छावणीच्या एका टोकाला कुणीतरी कावळ्यासारखं ओरडायचं. पुढच्या खोपीने ते उचलायचं, तिच्या पुढच्या खोपीने, आणि बघता बघता सगळा डोंगर काव काव करायचा. अधिकारी बाहेर आले की चिडीचूप. कुणाला शिक्षा करणार? कावळ्यांना? अधिकारीही बिचारे तोच रोट खात होते. आमच्या जेबेझचं ओरडणं शंभरांत ओळखू यायचं. तो शेवटी घसा खाकरायचा, अगदी आमच्या गावच्या चर्चमधले वडीलधारे प्रवचनाच्या आधी खाकरतात तसा.

तिथे उभं असताना सुरुवातीला पाय दुखले. मग दुखायचे थांबले, आणि ते थांबल्याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची मला भीती वाटली. पांढरं सगळीकडे होतं, वर खाली काही उरलं नव्हतं. मी हॅटच्या आत उभा आहे की हॅट माझ्या आत आहे असा काहीतरी विचार आला. मी कांदे मोजू लागलो. आईच्या माळा. कांदा, पात, पीळ, कांदा, पात, पीळ. आईचे हात लाल व्हायचे आणि त्यांना वास यायचा, आणि लहानपणी मला त्या वासाची लाज वाटायची, हार्टफर्डच्या बाजारात ती माझा हात धरायची तेव्हा. आता तो वास मला कुणी नाकाशी धरला असता तर मी राजाला शरण गेलो असतो. मग वास खरोखरच आला. पायाशी बर्फाचा एक ढीग झाला होता, तो मऊ होता, तो आईच्या गादीसारखा होता, आणि त्यातून ऊब येत होती. मला दिसत होतं की ऊब येतेय. मी स्वतःशी म्हणालो, इनोस, जरा बस. रिकाम्या कोठारावर बसून पहारा दिला काय, उभं राहून दिला काय. देशाचं काय बिघडतं? देश कुठे आहे इथे? माझे गुडघे वाकायलाही लागले होते. आणि तेवढ्यात मला आठवलं की माझ्या अंगावर साहेब आहेत. साहेब अंगावर असताना खाली बसायचं नाही. कोट भिजेल. आसाहेल मला फाडून खाईल. मी गुडघे सरळ केले. शपथेवर सांगतो, त्या वेळी स्वातंत्र्य माझ्या मनात नव्हतं, सेनापती नव्हते, देवही नव्हता. एका तपकिरी कोटाचा मागचा भाग होता, जो कोरडा ठेवायचा होता. मी पडलो तर एक इनोस जाईल, त्याला काय, वेदर्सफिल्डमध्ये व्हिटलो पुष्कळ आहेत. पण साहेब बर्फाखाली गेले तर वर अकरा माणसं उन्हाळ्यापर्यंत गवतातून उठू शकणार नाहीत. म्हणून मी उभा राहिलो. पुन्हा वाकलो, पुन्हा उभा राहिलो. माझ्या आयुष्यातली सगळी लढाई मी त्या दुपारी लढलो, आणि ती माझ्या गुडघ्यांशी होती.

आणि मग डोंगरावरून एक दार खाली येताना दिसलं.

मी ते आधी मानलं नाही. इतक्या वेळात मी कांदेही पाहिले होते. पण दार येत होतं, उभं, आपल्या पायांनी, वाऱ्याकडे तोंड करून, आणि त्याच्या खालच्या कडेला गवत बांधलेले पाय होते, पुष्कळ पाय. मी बंदूक खांद्यावरून काढून रोखली. दारू कधीच भिजली होती, पण दाराला ते कुठे माहीत?

"कोण आहे तिकडे?"

दार थांबलं. "बदली," आतून जेबेझचा आवाज आला.

"परवलीचा शब्द सांगा."

दारामागे कुजबुज झाली. "इनोस, गाढवा, शब्द पहाऱ्यावर निघालेल्याला सांगतात," जेबेझ म्हणाला. "आम्ही सकाळपासून गवतात बसलोय. आम्हाला कोण सांगणार?"

"मग पुढे येऊ नका."

"बरं, तू सांग, मी तुझ्यामागून म्हणतो."

मी म्हणालो की मला तो सांगता येत नाही. हे दोन्ही बाजूंनी खरं होतं. नियमाने सांगता येत नव्हता. आणि तो माझ्या डोक्यातून साफ निघून गेला होता. सकाळी कानात सांगितलेला शब्द, कुठल्या तरी गावाचं नाव होतं, त्याच्या जागी आता बर्फ होता. पण पहारेकऱ्याने शब्द विचारायचा असतो आणि उत्तर आल्याशिवाय कुणाला जवळ येऊ द्यायचं नसतं, एवढं मात्र डोक्यात घट्ट रुतून बसलं होतं, जसं बुडणाऱ्याच्या मुठीत गवत. फिलो स्टॅनर्ड म्हणून आमच्यात एक गरीब मवाळ माणूस होता, तो दाराआडून अगदी काकुळतीने म्हणाला, "इनोस, मी नागडा आहे रे. शत्रू कधी नागडा येतो का?" मी विचार केला आणि म्हणालो, "येईल. फसवायला."  दार थरथरत होतं. मला कळत होतं की हे माझे लोक आहेत, आणि मला कळत होतं की मी बंदूक हटवणार नाही, आणि या दोन कळण्यांच्या मध्ये मी लाकडासारखा उभा होतो आणि ते मरत होते.

मग जेबेझ कावळ्यासारखा ओरडला. एकदाच, लांबवून, वादळाच्या वर. आणि शेवटी खाकरला.

मी बंदूक खाली केली. या, म्हणालो.

हिटीला वाटलं मी तिला म्हटलं. तिने मला हॅटमधून बाहेर घेतलं, एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, आणि चेंगरलेली हॅट मांडीवर घेऊन तिचा फुगा नीट करत बसली. चर्चची घंटा थांबली होती. आता आपण उशिरा पोचणार आणि सगळे वळून बघणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तिने मला घाई केली नाही. पोरगी चांगली आहे. मी तिला बरं वाटावं म्हणून धुराचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि ते आलं नाही. त्याऐवजी मी म्हणालो, "आम्ही सहा जण होतो, आणि एक दार." ती म्हणाली, "हो आजोबा." लहान मुलाला म्हणतात तसं.

त्यांनी दार वाऱ्याच्या बाजूला उभं धरलं आणि त्याच्या आडोशाला आम्ही अदलाबदल केली. चौघांच्या अंगावर एकेक कांबळं, कंबरेखाली काही नाही. जेबेझच्या अंगावर काहीच नव्हतं, कारण त्याला पोशाख मिळणारच होता. तो तसाच डोंगर उतरून आला होता. मी कोट काढला, त्याने घातला. मी सदरा काढला, त्याने घातला. माझी बोटं चालत नव्हती, फिलोने दातांनी माझी गुंडी सोडवली. जेबेझने विजार चढवली आणि आत हात घालून म्हणाला की साहेब पार निवालेत, अशी थंड विजार कुणी कुणाला देतं का, घरी आलो की तुझं नाव आसाहेलला सांगतो. मी म्हणालो की सांग, पण खाली बसू नकोस. तो म्हणाला, मला शिकवू नकोस, कांद्या. आणि हॅटमध्ये उभा राहिला. त्याने पाठ ताठ केली, बंदूक खांद्याला लावली, आणि त्या रिकाम्या कोठाराकडे पाठ करून असा उभा राहिला की मलासुद्धा क्षणभर वाटलं, आत मांस आहे. सार्जंट कुठूनतरी दुसरा पोशाख मिळवून त्याला सोडवायला अंधार पडायच्या आत आला. जेबेझची दोन बोटं गेली, बाकी जेबेझ वाचला. पण हे नंतर कळलं.

चार कांबळ्यांतलं एक मला मिळालं, म्हणजे पाचांतला एक माणूस आळीपाळीने उघडा. दाराचा एक कोपरा मी धरला. चढताना दार वारा पकडायचं आणि आम्हाला मागे ढकलायचं. आम्ही त्याच्यावर छाती टेकून रेटायचो.  वर येता येता माझ्या मनात पहिल्यांदा एक साधी गोष्ट आली, आणि आली ती आसूड मारल्यासारखी. दार इथे आहे. चारही कांबळी इथे आहेत. मग खोपीत काय आहे? आत सहा जण होते, उघडे, आणि त्यांच्या आणि वादळाच्या मध्ये चौकटीचं एक भगदाड. आग गेली असणार. आग गेली तर लाकूड ओलं, चकमक ओली, ती पुन्हा लागणार नाही. मी फिलोला विचारलं, दार काढायचं कुणी ठरवलं? तो म्हणाला, आसाहेलने. तोच म्हणाला, इनोस तिकडे हट्टाने उभा राहील, मला माहितेय तो कसा आहे. मी विचारलं, मग आत? फिलो म्हणाला, आतलं आम्ही बघतो म्हणाला.

खोपी दिसली तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता.

चौकट मोकळी नव्हती. आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा कळलं की ती माणसांनी भरली आहे. खाली तिघं, खांद्याला खांदा लावून, पाठ बाहेर, तोंडं आगीकडे. त्यांच्या वर दोघं, गुडघे त्यांच्या खांद्यांवर, हातांनी वरची कड धरून. फटींत गवत कोंबलेलं. सहावा आत आग जपत होता. पाच उघड्या पाठी, लाल झालेल्या, त्यांच्यावर बर्फ चिकटून बसलेला, आणि वारा त्यांच्यावर आदळून खाली पडत होता. मधली पाठ आसाहेलची. ती मी ओळखली, तिचा कणा जुन्या वल्ह्यासारखा वाकलेला. आम्ही दार खाली ठेवलं. 

"कोण आहे?" आसाहेलने मान न वळवता विचारलं. दात वाजत होते, त्यामुळे शब्द तुकड्यातुकड्यांनी आले.

"मी, इनोस."

"एकटा?"

"सगळे आहेत. जेबेझ पहाऱ्यावर उभा आहे."

"साहेब कोरडे आहेत का?"

"आहेत."

"मग उभा काय राहिलास," आसाहेल म्हणाला. "सभ्य माणसं ठोठावून आत येतात."

मी मूठ वळली आणि त्या बर्फाळलेल्या पाठीवर दोनदा ठोठावलं. आतून सगळे एकदम म्हणाले, या. आणि आसाहेलच्या बरगड्यांतून त्याचं हसू माझ्या मुठीला लागलं.